जोड मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांची स्टिरिओ चित्रे: दोष कोणत्या क्रमाने शोधावेत

दोन मिडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरे एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवून काढलेली स्टिरिओ जोडी (एकाच दृश्याची डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीची दोन चित्रे) व्ह्यूअरमध्ये पाहताना डोळे ताणले जाऊ लागले, की बहुतेक जण माउंटिंगला, म्हणजे चित्रे व्ह्यूअरसाठी बसवण्याला, दोष देतात आणि चित्रे मास्कमध्ये (दोन खिडक्या असलेल्या पट्टीत) पुन्हा पुन्हा सरकवत बसतात. माउंटिंग करताना मात्र दोनच चुका दुरुस्त होतात: एक चित्र दुसऱ्याच्या मानाने सरकलेले असणे आणि एक चित्र किंचित फिरलेले असणे. लेन्समधला फरक, आत वळलेले कॅमेरे, मागेपुढे उघडणारी शटर, वेगवेगळे फोकस यांपैकी एकही दोष स्लाइडवर दुरुस्त होत नाही; तो कॅमेऱ्यातच काढावा लागतो. म्हणून दोष कोणत्या जातीचा आहे हे आधी फिल्मवर वाचायचे आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण प्रत्येक टप्प्यातली तपासणी आधीचा टप्पा बरोबर झाला आहे असे धरून चालते.

पुढचे सर्व हिशेब १२० फिल्म, ६×६ सेंमी चौकट (प्रत्यक्षात सुमारे ५६ मिमी बाजू), ८० मिमी लेन्स आणि दोन लेन्सच्या मध्यांमध्ये १०० मिमी अंतर धरून केले आहेत. या अंतराला पुढे ‘पाया’ म्हटले आहे. फोकसची बटणे आणि क्रँक यांच्यामुळे दोन ट्विन लेन्स रिफ्लेक्स कॅमेरे (वरची लेन्स पाहण्यासाठी, खालची चित्र घेण्यासाठी) शेजारी ठेवल्यावर पाया साधारण एवढाच येतो. तुमची लेन्स ७५ मिमीची असेल, तर फिल्मवरच्या सरकण्याचे आणि आडव्या फरकाचे आकडे त्याच प्रमाणात कमी धरावेत.

टप्पा १: बिघडलेली जोडी फिल्मवर वाचणे

ज्या जोडीत मधोमध आणि चारही कोपऱ्यांजवळ स्पष्ट, टोकदार तपशील आहे अशी एक जोडी निवडा. इमारतीचे दर्शनी अंग किंवा दूरवरची झाडांची रांग यासाठी चांगली. दोन्ही चित्रे लाइट बॉक्सवर, फिल्मच्या कडेची अक्षरे सुलटी वाचता येतील अशी ठेवा. मग एक चित्र दुसऱ्यावर ठेवून मध्यभागातला दूरचा एक बिंदू तंतोतंत जुळवा, चौकटीच्या कडा समांतर ठेवा आणि भिंगातून कोपरे पाहा.

कोपऱ्यांतले दूरचे बिंदूही जुळत असतील आणि तरी मध्य जुळवताना एक चौकट दुसऱ्याच्या वर किंवा खाली गेली असेल, तर एक कॅमेरा दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली पाहत होता. डाव्या बाजूचे बिंदू वर आणि उजव्या बाजूचे खाली जात असतील, तर एक कॅमेरा कलला होता. चारही कोपऱ्यांतले बिंदू मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकलेले दिसत असतील, तर दोन चित्रांचा आकारच वेगळा आहे. डाव्या कडेला एक चित्र उंच आणि उजव्या कडेला दुसरे उंच, असा समलंब चौकोनासारखा फरक असेल, तर कॅमेरे एकमेकांकडे वळलेले होते. दूरचे सगळे जुळते आणि जवळच्याच वस्तूंत उभा फरक दिसतो, तेव्हा एक लेन्स दुसरीपेक्षा उंचावर होती. स्थिर वस्तू सगळ्या जुळून फक्त चालणारा माणूस, हलणारी फांदी किंवा पाण्याची लाट जुळत नसेल, तर दोष शटरचा आहे.

तपासणी: जवळच्या वस्तूंचा आडवा फरक हा दोष नाही, खोली दिसते ती त्यातूनच. दोष शोधताना उभा फरक मोजा. डोळे आडव्या फरकाशी सहज जुळवून घेतात, उभ्या फरकाशी मात्र फार थोडे. माउंट केलेल्या जोडीत कुठेही पाव मिलिमीटरपेक्षा जास्त उभा फरक राहू नये, ही मर्यादा मी स्वतः पाळतो.

टप्पा २: पट्टी, स्क्रू आणि बैठक

उभ्या फरकाची बहुसंख्य प्रकरणे येथेच मिटतात. ८० मिमी लेन्सचा कॅमेरा एका अंशाने जरी वर किंवा खाली झुकला, तरी फिल्मवर चित्र १.४ मिमी सरकते. तीन मिमी जाडीच्या पट्टीवर दोन जड कॅमेरे बसवले, की ट्रायपॉडचा स्क्रू आवळताना पट्टी वाकते आणि दोन्ही कॅमेरे बाहेरच्या बाजूला कलतात. ॲल्युमिनियमची पट्टी निदान ६ ते ८ मिमी जाड असावी.

रबराची गादी काढून टाका. ती कॅमेऱ्याला पकड देते असे वाटते, पण शटर दाबताना आणि क्रँक फिरवताना कॅमेरा तिच्यावर हलतो आणि परत त्याच जागी येत नाही. पातळ कॉर्क चालेल. थेट धातूवर धातू त्याहून चांगले. कॅमेऱ्याच्या पाठीमागे पट्टीवर एक उभी कड किंवा दोन पिना बसवा, म्हणजे रोल बदलायला कॅमेरा काढला तरी तो परत त्याच कोनात बसतो. एकच स्क्रू कॅमेऱ्याला फिरण्यापासून रोखू शकत नाही. माझ्या जोडीत उजवा कॅमेरा क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर केसभर फिरत होता आणि रोलच्या पहिल्या चौकटीपेक्षा बाराव्या चौकटीत फरक कितीतरी जास्त होता. मी मात्र तो शटरचा दोष समजून दोन रोल खर्ची घातले. एकाच रोलच्या पहिल्या आणि शेवटच्या जोडीतला फरक मोजून पाहा. तो वाढत गेलेला असेल, तर पुढचे काहीही तपासण्याआधी पिना बसवा.

सावधान: कॅमेऱ्यांचे तळ कारखान्यातून अगदी सपाट येतीलच असे नाही. कॅमेरा पट्टीवर ठेवून स्क्रू न लावता कोपरे दाबून पाहा. तो डुगडुगत असेल, तर त्या कोपऱ्याखाली पातळ पत्र्याची चकती घाला. स्क्रू जोराने आवळून डुगडुग घालवू नका. त्याने पट्टी वाकते.

टप्पा ३: दोन्ही कॅमेरे समांतर करणे

कॅमेऱ्यांत फिल्म नसताना दोन्ही पाठी उघडा. फिल्मच्या चौकटीवर, फिल्म ज्या रुळांवर टेकते त्यांवरच, घासलेली काच किंवा खरखरीत पारदर्शक प्लास्टिकचा सपाट तुकडा घासलेली बाजू लेन्सकडे करून बसवा. त्यावर पेन्सिलीने आधीच बारीक उभी-आडवी रेघ मारून मध्य दाखवलेला असावा आणि मध्य दोन्ही तुकड्यांवर चौकटीच्या कडांपासून मोजूनच काढलेला असावा. शटर ‘बी’वर (दाबून धरले तोवर उघडे राहते त्या खुणेवर) ठेवून कुलूप असलेल्या केबल रिलीजने (शटर दाबण्याच्या लवचीक तारेने) उघडे ठेवा, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडा आणि फोकस अनंतावर लावा.

आता ३०० मीटर किंवा त्याहून दूरचे एखादे टोक निवडा. मनोऱ्याचे शिखर किंवा खांबाचा माथा चांगला. या अंतरावर पायामुळे पडणारा फरक ०.०३ मिमीहूनही कमी असतो, म्हणून ते टोक दोन्ही काचांवर नेमके मध्यावर यायला हवे. चित्र उलटे आणि बाजू बदललेले दिसेल. त्यामुळे दुरुस्तीची दिशा हमखास चुकते. प्रत्येक वेळी थोडेच हलवा आणि टोक कोणत्या बाजूला जाते ते पाहून ठरवा. आधी डावा कॅमेरा ट्रायपॉड फिरवून टोकावर आणा, मग ट्रायपॉडला अजिबात हात न लावता उजवा कॅमेरा पट्टीवर जुळवा. उभा फरक तळाखालच्या चकतीने काढा आणि आडवा फरक कॅमेरा स्क्रूभोवती फिरवून. त्यानंतर टोक काचेच्या डाव्या आणि उजव्या कडेला आणून दोन्हीकडे उंची सारखी येते का पहा. येत नसेल, तर एक कॅमेरा कललेला आहे.

सावधान: जवळचा विषय दोन्ही चौकटींच्या मध्यावर यावा म्हणून कॅमेरे आत वळवू नका. ही चूक सर्वांत जास्त होते. ३ मीटरवर दोन्ही अक्ष मिळतील असे कॅमेरे वळवले, तर प्रत्येक कॅमेरा जवळजवळ एक अंश वळतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात ०.३ मिमीहून अधिक उभा फरक तयार होतो. एका कडेला डावे चित्र उंच, दुसऱ्या कडेला उजवे, असा तो फरक असतो, म्हणून स्लाइड कितीही सरकवली तरी तो जात नाही. स्कॅन करणाऱ्यांना संगणकावर तो काढता येतो, पण त्यात चौकटीची कड कापावी लागते. कॅमेरे समांतर ठेवावेत आणि विषय मध्यावर आणण्याचे काम माउंटिंगवर सोडावे.

टप्पा ४: लेन्सची जोडी आणि फोकस

लेन्सवर ८० मिमी लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात दोन लेन्सच्या केंद्रांतरात (म्हणजे त्या मिमी आकड्यात, फोकल लेंग्थमध्ये) एखाद-दोन टक्क्यांचा फरक असू शकतो. एक टक्क्याचा फरक चौकटीच्या कडेला ०.२८ मिमी होतो, म्हणजे टप्पा १ मधली पाव मिलिमीटरची मर्यादा तेवढ्यानेच ओलांडली जाते. तपासण्यासाठी दूरच्या सपाट दर्शनी भागाचे दोन्ही कॅमेऱ्यांतून चित्र घ्या आणि चौकटीच्या दोन टोकांजवळच्या त्याच दोन खिडक्यांमधले अंतर दोन्ही फिल्मांवर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ५० मिमी अंतरात ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक आला, तर ती जोडी स्लाइडसाठी निवडू नये. उपाय एकच आहे, दुसरी लेन्स किंवा दुसरा कॅमेरा.

तो निर्णय घेण्याआधी फोकस मात्र नक्की तपासा. एक कॅमेरा अनंतावर आणि दुसरा ३ मीटरवर राहिला, तर दुसऱ्याची लेन्स २.२ मिमी पुढे आलेली असते आणि चित्राचा आकार सुमारे २.७ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या जोड्या या कारणाने ‘न जुळणाऱ्या’ म्हणून मोडीत निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

फोकस दोन्ही कॅमेऱ्यांवर डोळ्यांनी स्वतंत्रपणे लावू नका. कॅमेऱ्याच्या वरच्या, पाहण्याच्या काचेवर दोन वेळा फोकस केला, तर दोन वेळा वेगळा आकडा येतो. चौकटीवरच्या घासलेल्या काचेवर १.५, ३, ५ मीटर आणि अनंत ही अंतरे टेपने मोजून भिंगातून तपासा, प्रत्येक कॅमेऱ्याच्या बटणाजवळ स्वतःच्या खुणा करा आणि पुढे नेहमी खुणांवरच फोकस लावा.

दोन लेन्सवरचे लेपही पाहा. एकीवर जुना एकेरी लेप आणि दुसरीवर बहुस्तरीय लेप असेल, तर एक चित्र किंचित पिवळसर आणि दुसरे थंड दिसते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ही अडचण येत नाही. हूड (लेन्सवर उजेड अडवणारी झापड) दोन्हींवर सारखेच लावा. सूर्य चौकटीजवळ असेल, तर एका लेन्समध्ये उठणारा उजेडाचा ठिपका दुसऱ्या चित्रात नसतो आणि व्ह्यूअरमध्ये तो हवेत तरंगल्यासारखा चमकत राहतो.

टप्पा ५: शटर एकाच क्षणी उघडणे

स्थिर विषयांवर शटरमधला फरक कधीच दिसत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने लपून राहतो. पाच मीटरवर नेहमीच्या गतीने, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर, आडवा चालणारा माणूस १० मिलिसेकंदांत १४ मिमी पुढे जातो आणि फिल्मवर त्याचे स्थान ०.२२ मिमीने बदलते. हा फरक आडवा असल्यामुळे डोळे त्याला खोली समजतात आणि माणूस जमिनीच्या पुढे किंवा मागे उभा असल्यासारखा दिसतो. पडणारे पाणी किंवा उडी मारणारे मूल यांच्यात उभा फरक येतो आणि तो थेट खुपतो.

लीफ शटर (लेन्समध्येच उघडमीट करणारी पाती) असलेल्या कॅमेऱ्यांसाठी पुढची चाचणी फिल्म न वापरता होते.

१. शटरवर फ्लॅश कधी पेटावा हे ठरवणारा एम आणि एक्स असा खटका असेल, तर दोन्ही एक्सवर ठेवा. एमवर फ्लॅश पेटतो तेव्हा शटर पूर्ण उघडलेले नसते आणि चाचणी निरर्थक ठरते.

२. खोली मंद उजेडाची करा. फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि दोन्ही लेन्सही त्याच भिंतीकडे करा. फ्लॅशकडे थेट पाहू नका.

३. दोन्ही पाठी उघड्या, ॲपर्चर पूर्ण उघडे, वेग १/३०. फ्लॅशची तार डाव्या कॅमेऱ्याला जोडा, उजव्या कॅमेऱ्याच्या मागून लेन्समध्ये पाहा आणि जोड केबल रिलीज (दोन्ही शटर एकदम दाबणारी) दाबा.

४. उजव्या लेन्समध्ये फ्लॅशचा उजेड पूर्ण गोल दिसला, तर उजवे शटर डाव्याच्या बरोबर किंवा त्याआधी उघडले. काहीच दिसले नाही, तर ते उशिरा उघडले. ताऱ्यासारखा आकार दिसला, तर शटरची पाती अर्धवट उघडी होती.

५. आता तार उशिरा उघडणाऱ्या कॅमेऱ्याला जोडा, आधी उघडणाऱ्यामधून पाहा आणि वेग १/६०, १/१२५, १/२५० असा वाढवत जा. १/६० ला उजेड दिसतो आणि १/१२५ ला दिसत नाही, याचा अर्थ उशीर साधारण ८ ते १६ मिलिसेकंदांचा आहे.

१/२५० ला उजेड दिसेपर्यंत, म्हणजे उशीर ४ मिलिसेकंदांच्या आत येईपर्यंत, केबल रिलीज जुळवा. टोकाची पिन पुढेमागे करता येणारी जोड केबल घ्या. जो कॅमेरा उशिरा उघडतो, त्याची पिन थोडी पुढे आणा आणि नटने घट्ट करा. केबलचा बाक बदलला की जुळणीही बदलते, म्हणून केबल पट्टीला बांधून टाका. शटर थंडीत जड होते. बाहेरच्या हवेत अर्धा तास ठेवल्यावर चाचणी पुन्हा करा.

सावधान: सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत (एकाच लेन्समधून आरशाने पाहायच्या) आरसा वर जायला लागणारा वेळ दोन्हींत वेगळा असतो. आरसा आधी वर उचलण्याची सोय असेल, तर ती प्रत्येक चित्राला वापरा. फोकल प्लेन शटरच्या (फिल्मसमोर धावणाऱ्या पडद्याच्या) कॅमेऱ्यांत एक कॅमेरा उलटा करून तळाला तळ लावण्याचा मोह टाळा. दोन शटर विरुद्ध दिशांनी धावतात आणि चौकटीच्या दोन्ही कडांना हालचाल जुळत नाही.

वेगांची तुलनाही येथेच उरका. दोन्ही कॅमेऱ्यांतून एका फिकट भिंतीचे प्रत्येक वेगावर चित्र घ्या आणि फिल्मवरचा काळेपणा शेजारी ठेवून पाहा. वेग छापील आकड्याएवढा असण्यापेक्षा दोघांत सारखा असणे महत्त्वाचे. न जुळणारे वेग पट्टीवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा आणि ते वापरू नका. स्लाइड फिल्मवर स्टॉपच्या (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीच्या) तिसऱ्या भागाएवढा फरकसुद्धा शेजारी ठेवल्यावर कळतो.

टप्पा ६: फिल्म भरणे, चित्र घेणे, धुणे

दोन्ही रोल एकाच प्रकारचे आणि एकाच उत्पादन क्रमांकाचे घ्या. धुताना दोन्ही एकाच टाकीत, दोन रिळांवर धुवा. प्लास्टिकच्या नेहमीच्या टाकीत दोन १२० रिळांना सुमारे १ लिटर द्रावण लागते. वेगवेगळ्या दिवशी धुतलेल्या रोलांची घनता जुळवत बसण्यात अर्थ नाही.

डावे कोणते आणि उजवे कोणते हा घोळ कायमचा मिटवायचा असेल, तर एका कॅमेऱ्याच्या फिल्म चौकटीच्या कडेला बारीक कानशीने एक मिलिमीटरची खाच पाडा. ती खाच प्रत्येक चित्राच्या कडेवर उमटते आणि चौकटी कापल्या तरी ओळख हरवत नाही. कानस चालवताना लेन्सचा मागचा भाग कागदाने झाका, कीस पूर्ण झटका आणि उघडा पडलेला धातू काळ्या बिनचकाकीच्या रंगाने रंगवा.

चित्र घेताना क्रम ठरलेला ठेवा: पाणसळ पाहणे, दोन्ही लेन्सवरची झाकणे काढल्याची खात्री, दोन्ही फोकस खुणा, दोन्ही ॲपर्चर, दोन्ही वेग, दोन्ही फिल्म पुढे, मग रिलीज. चौकट ठरवायला एकच कॅमेरा वापरा, नेहमी डावा. ट्विन लेन्स रिफ्लेक्समध्ये पाहण्याची लेन्स वेगळी असल्यामुळे खालची लेन्स झाकलेली राहिली तरी वर चित्र दिसतच राहते.

फिल्म कॅमेऱ्यात फार वेळ एका जागी ठेवू नये असे मी सांगतो, त्याला कारण आहे. या कॅमेऱ्यांत फिल्म रुळावरून वळून चौकटीत येते. ती तासन्‌तास एका जागी राहिली, की वळलेल्या जागी तिला बाक बसतो, मग तो भाग पुढच्या चौकटीत येऊन एका पट्ट्यात चित्र मऊ पडते. बाक दोन्ही कॅमेऱ्यांत सारखा नसतो.

पाणसळ पट्टीवर हवी, कॅमेऱ्यावर नको. पूर्ण पट्टी कलली असेल, तर दोन्ही चित्रे सारखीच कलतात आणि जोडी डोळ्यांना त्रास देत नाही, फक्त दृश्य तिरपे दिसते. ते सरळ करायला प्रत्येक चित्र वेगळे फिरवले, की पाया तिरपा राहतो आणि जवळच्या वस्तूंत उभा फरक उगवतो.

टप्पा ७: जवळची मर्यादा

सर्व काही जुळूनही जोडी एकत्र येत नसेल, तर विषय फार जवळ असण्याची शक्यता मोठी. जवळची वस्तू पायाच्या ३० पटींपेक्षा जवळ नसावी, हा जुना नियम १०० मिमी पायासाठी ३ मीटर देतो. फिल्मवर तेव्हा सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या बिंदूंमधला आडवा फरक २.७ मिमी होतो, आणि तीच कमाल मर्यादा समजावी. पार्श्वभूमी अनंतावर नसेल, तर याहून जवळ जाता येते. हिशेब असा: केंद्रांतर गुणिले पाया, गुणिले (१ भागिले जवळचे अंतर, वजा १ भागिले दूरचे अंतर), सर्व मिलिमीटरमध्ये. विषय २ मीटरवर आणि मागची भिंत ४ मीटरवर असेल, तर फरक बरोबर २ मिमी येतो आणि जोडी आरामात पाहता येते. त्याच विषयामागे दार उघडे राहून दूरचे आकाश दिसले, की तो ४ मिमी होतो.

ॲपर्चर एफ/२२ ठेवून फोकस ५.८ मीटरवर लावला, तर साधारण २.९ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट येते. खोलीची मर्यादा आणि स्पष्टतेची मर्यादा या पायाला जवळजवळ एकाच जागी येतात, ही फार सोयीची गोष्ट आहे.

टप्पा ८: माउंटिंग आणि शेवटची तपासणी

आधी बाजू तपासा. डाव्या चित्रात जवळची वस्तू पार्श्वभूमीच्या मानाने उजवीकडे सरकलेली असते. हे उलट दिसले, तर चित्रांची अदलाबदल झाली आहे आणि खोली आत-बाहेर उलटते.

मग उभे जुळवा. दोन्ही चित्रे आलेख कागदावर ठेवून डाव्या आणि उजव्या कडेजवळचा एकेक दूरचा बिंदू एकाच आडव्या रेषेवर आणा; दोन बिंदू घेतल्यामुळे सरकणे आणि फिरणे दोन्ही एकदम निघतात. आडवे अंतर शेवटी ठरवा. एकाच वस्तूचे दोन चित्रांतले बिंदू एकमेकांपासून किती दूर आहेत ते मोजा. सर्वांत दूरच्या बिंदूंमधले अंतर सर्वांत मोठे असते आणि ते व्ह्यूअरच्या लेन्समधल्या अंतरापेक्षा, सहसा ६३ ते ६५ मिमी, जास्त होऊ देऊ नका. नाहीतर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावे लागते. मास्कच्या दोन खिडक्यांमधले अंतर, डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत, जवळच्या बिंदूंमधल्या अंतराएवढे किंवा त्याहून किंचित कमी असावे. ते जास्त झाले, की जवळची वस्तू चौकटीच्या पुढे येते आणि कडेने कापलेली दिसते.

तपासणी: जोडी चिकटवण्याआधी व्ह्यूअरमध्ये पाहा, डोळे दहा सेकंद मिटा आणि पुन्हा उघडा. चित्र तत्काळ एक झाले पाहिजे. क्षणभर दोन दिसून मग एक होत असेल, तर कुठेतरी उभा फरक शिल्लक आहे. तो चारही कोपऱ्यांत सारखा असेल तर मास्कमध्ये सरकवा, आणि कोपऱ्याकोपऱ्यात वेगळा असेल तर चित्रे बाहेर काढून टप्पा १ पासून ती जोडी पुन्हा वाचा.